गाडगेबाबांची विचार करायची रीत



स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मला विषयही देऊन टाकला: रोजच्या अडचणी सोडवण्यासाठी विचार करायची सवय कशी लावावी. मी सॉफ्टवेअरमध्ये वीस-बावीस वर्षे काढली, तेव्हा या क्षेत्रातली चार सूत्रे सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. सूत्रे आहेत, पण ती ऐकून कोणाची सवय बदललेली मी पाहिलेली नाही. एखाद्या माणसाचे आयुष्य नीट पाहिले तर मात्र काहीतरी हाताला लागते. म्हणून शाळेची पायरी न चढलेल्या एका माणसाबद्दल लिहिते. तो आपल्या शेजारच्या तालुक्यात वाढला आणि माझ्या पदवीच्या विद्यापीठाला आज त्याचेच नाव आहे. मी इंजिनिअरिंग केले तेव्हा ते नुसते अमरावती विद्यापीठ होते. २००५ मध्ये ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ झाले.

आपली १९९६ ची दहावीची बॅच. तेव्हा आपले कारंजा अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला गेलेले आपल्यात बरेच जण असतील. त्याच मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे नावाचे गाव आहे. गाडगेबाबांचे बालपण आणि तारुण्य तिथे गेले. शाळेत आपण त्यांच्यावर निबंध लिहिले, झाडू, खापर आणि फाटकी गोधडी एवढे आठवले की पाच गुण मिळत. त्या झाडूमागचे डोके कसे चालत होते, हे मात्र मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर त्यांची चरित्रे वाचताना दिसू लागले.

त्यांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेणगाव येथे, परीट समाजात. वडील दारूच्या पायी गेले, तेव्हा देबू अगदी लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन दापुऱ्याला आपल्या माहेरी आली. मामा चंद्रभान शेतकरी. देबूने तिथे गुरे राखली, नांगर धरला, रात्री भजनात झांजा वाजवल्या. अंगमेहनतीत तो गावात कोणाला हार जात नसे.

मग आपल्या भागात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली गोष्ट त्या घरातही घडली. मामाचा सावकाराशी जमिनीचा व्यवहार होता. घरात कोणाला वाचता येत नव्हते. पैसे जात राहिले, पावती हातात नव्हती, कागदावर काय चढते आहे ते कोणाला कळत नव्हते. शेवटी कागदाने शेत खाल्ले. मामा त्या धक्क्यातून सावरले नाहीत. सावकाराची माणसे शेतात नांगर घालायला आली तेव्हा तरुण देबू आडवा उभा राहिला आणि त्याने त्यांना हुसकावून लावले. चरित्रकार हा प्रसंग शौर्याचा म्हणून रंगवतात. मला त्याच्या पुढचे जास्त महत्त्वाचे वाटते. राग आला, अंगात ताकद होती, ती वापरलीही. पण या माणसाने आयुष्यभराचा धडा ताकदीचा घेतला नाही. त्याने शोधले की घर नेमके कुठे बुडाले. सावकार वाईट होता हे खरेच. परंतु सावकाराचा वाईटपणा ज्या फटीतून घरात शिरला ती फट निरक्षरतेची आणि ऋण काढण्याच्या सवयीची होती. पुढे चाळीस-पन्नास वर्षे हजारो लोकांसमोर त्यांनी तीच फट दाखवली: सणासाठी, लग्नासाठी कर्ज काढू नका, ताट-वाटी विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला.

आमच्या कामात एखादी प्रणाली बंद पडली की पहिला तास कोणाची चूक यावर जातो. अनुभवी माणूस तो तास वाचवतो. तो विचारतो, बिघाड कुठून शिरला आणि उद्या पुन्हा शिरू नये म्हणून कोणते दार लावायचे. दापुऱ्याच्या देबूला हे शिकवायला कोणी नव्हते.

१८९२ मध्ये त्याचे लग्न झाले, पत्नीचे नाव कुंताबाई. पहिली मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे, ही रीत. वडिलांचा दारूने झालेला शेवट देबूने पाहिलेला, आणि मामाचे घर कर्जाने कसे खाल्ले तेही. त्याने बारशाला गोडाचे जेवण घातले. जातीतली माणसे रागावली, बोलली, आणि जेवून गेली. आज ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते. तसे वाटत असेल तर आपल्या घरातल्या मागच्या लग्नाचा खर्च आठवावा. अमुक एक गोष्ट केलीच पाहिजे असे सगळे म्हणत असताना, ती केल्याने कोणाचे काय साधते, हा साधा प्रश्न घरातल्या कार्यात, पाहुण्यांच्या देखत विचारायला फार बळ लागते. देबू त्यावर व्याख्यान देत बसला नाही. त्याने फक्त पंगतीतले वाढप बदलले. लोक उपाशी उठले नाहीत, मुलीचे नाव ठेवायचे राहिले नाही. रीत मोडली तरी काम अडत नाही, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झाले.

याच काळातली ऋणमोचनची गोष्ट मला सर्वांत आवडते. भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे मुद्गलेश्वराची यात्रा भरते. लोक नदीवर स्नानाला उतरत. आपल्याकडची काळी माती ओली झाली की कशी होते, ते कारंज्याच्या माणसाला सांगायला नको. म्हातारी माणसे घसरत, बाया कपडे आणि मुले सांभाळत चिखलातून चढत. वर्षानुवर्षे लोक पडत होते आणि नशिबाला बोल लावून उठत होते. देबू तिथे गेला, त्याने पाहिले की माणसे नेमकी कुठे घसरतात, आणि कुदळ-फावडे घेऊन त्या दरडीत पायऱ्या खोदल्या. चढाव नीट केला, घाण उचलली. यात्रा संपली की तो घरी जाई. पुढच्या वर्षी पुन्हा. पावसाळ्यात मातीच्या पायऱ्या वाहून जात, म्हणून नंतर त्याच जागी लोकवर्गणीतून पक्का घाट झाला.

या गोष्टीतला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपण असतो तर आधी घाटाची समिती झाली असती, मग पावतीपुस्तक, मग अध्यक्षपदावरून रुसवेफुगवे. त्याने आधी जागा पाहिली, हाताशी होते त्या फावड्याने त्या दिवसापुरता उपाय केला, तो टिकतो का ते पाहिले, नाही टिकत हे कळल्यावर मोठा उपाय हाती घेतला. तोपर्यंत लोकांनाही पायऱ्यांची सवय झाली होती, त्यामुळे वर्गणी मागायला फार समजावून सांगावे लागले नसणार. आम्ही आज याला मोठमोठी नावे देतो आणि त्याची प्रशिक्षणे घेतो. छोटे करून बघा, वापरणाऱ्याला वापरू द्या, मग पक्के करा, यापेक्षा त्यात जास्त काही नसते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. बारा वर्षे ते अनवाणी हिंडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात झाडू आणि गाडगे, म्हणजे मडक्याचे खापर. त्यात भाकर घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. त्या खापरावरून लोकांनी नाव ठेवले, गाडगेबाबा. मागे आई, बायको, मुले होती. त्यांनी काय सोसले याचा हिशेब कुठल्याही चरित्रात पुरता होत नाही. एक आई म्हणून वाचताना मी तिथे दर वेळी अडखळते आणि अडखळावेच असे मला वाटते. थोर माणसाचे सगळेच आपल्याला पटले पाहिजे, अशी सक्ती नाही.

गावात शिरले की ते कोणाच्या ओसरीवर जाऊन बसत नसत. गटारे, उकिरडे, देवळापुढची घाण साफ करायला लागत. लोकांना आधी हा वेडा वाटे, मग कोणीतरी लाजून झाडू हातात घेई, मग आणखी दोघे-चौघे. संध्याकाळपर्यंत अर्धे गाव झाडत असे. मग रात्री त्याच जागेवर कीर्तन. म्हणजे माणूस कीर्तनाला येऊन बसायचा तेव्हा सकाळी घाण असलेली जागा स्वच्छ झालेली त्याने स्वतः पाहिलेली असायची. पुरावा आधी आणि प्रवचन नंतर.

कीर्तनाची त्यांची पद्धत आपल्या शिक्षकांनी खास पाहावी अशी आहे. वऱ्हाडी बोलीत ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. देव एकच ना, असे विचारत, लोक हो म्हणत. मग तुमच्या गावात देव किती, तर खंडोबा, मरीआई, भैरोबा अशी यादी लोकच देत, आणि देता देता स्वतःच हसू लागत. देवाला नैवेद्य दाखवला आणि कुत्रे आले तर त्याला कोण हाकलतो, हेही लोकांनाच सांगावे लागे. बोकडाच्या नवसाचे, कर्ज काढून केलेल्या तेराव्याचे, दारूचे, शिवाशिवीचे, सगळे असेच. सांगून दिलेले उत्तर माणूस घरी जाईपर्यंत विसरतो. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर त्याला रात्री झोपू देत नाही. आपले गणिताचे सर फळ्यावर उदाहरण अर्धे सोडून खडू आपल्या हातात द्यायचे, ते आठवते का? तीच ही रीत.

कीर्तनात पैसा जमू लागला. त्याचे काय करायचे, हा प्रश्न भल्याभल्यांना जड जातो. बाबांनी त्याचेही उत्तर लोकांची अडचण पाहून काढले. पंढरपूरच्या वारीत ते दरवर्षी जात, पण वेळ घालवत चंद्रभागेचे वाळवंट झाडण्यात. तिथे त्यांना दिसले की गरीब वारकरी उघड्यावर झोपतो आणि अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला तर कुठलेच छप्पर मिळत नाही. म्हणून १९१७ मध्ये तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत दूरच्या गावाहून रोग्यासोबत आलेली माणसे दवाखान्याबाहेर फूटपाथवर राहत. त्यांच्यासाठीही निवारा झाला. मूर्तिजापूरचे गोरक्षण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मंदिर बांधले असते तर देणगी लवकर जमली असती. त्यांनी प्रत्येक ठिकाणी आधी विचारले, इथे आलेला माणूस कशावाचून अडतो.

आणि त्यानंतरचा प्रश्न, जो आपण बहुधा विसरतो: मी नसताना हे कोण चालवणार? धर्मशाळा त्यांनी विश्वस्तांच्या हाती दिल्या. आपल्या नातेवाइकांचा त्यावर काही हक्क राहणार नाही, हे लेखी करून ठेवले. पावतीअभावी मामाचे शेत गेलेला हा माणूस कागदाच्या बाबतीत गाफील राहिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, कारण ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला ती तिथे जास्त उपयोगी पडणार होती. आपण उभे केलेले दुसऱ्याला देऊन टाकणे, हे मोठ्या कंपन्यांतही फार थोड्यांना जमते. कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचा स्नेह होता. कऱ्हाडला १९५४ मध्ये निघालेल्या महाविद्यालयाला रयत शिक्षण संस्थेने सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. स्वतः बाबांनी मात्र कोणाला शिष्य म्हटले नाही, मठ काढला नाही, पाया पडू दिले नाही. आपल्यावाचून काम अडता कामा नये, याची इतकी काळजी घेतलेला माणूस मी दुसरा वाचलेला नाही.

१९५६ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. वय ऐंशी. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. २००० मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, अनेक गावे बदलली, आणि काही गावांत पाहणी समिती येण्याच्या आदल्या दिवशीच झाडू निघाले, हेही आपण पाहिले.

हे सारे आपल्या रोजच्या जगण्यात कसे येते, त्याचे घरातले एक उदाहरण देते. माझ्या आईची रक्तदाबाची गोळी वारंवार चुकत होती. आम्ही भावंडे तिघे तीन शहरांत. फोनवर आठवण करणे, अलार्म लावणे, कामवाल्या ताईंना सांगणे, सगळे सुरू होते. दिवाळीत मी दोन दिवस नुसती पाहत बसले. आई विसरत नव्हती. तिच्या तीन गोळ्यांची पाकिटे सारख्याच चंदेरी रंगाची होती, नावे इंग्रजीत आणि बारीक. संशय आला की ती गोळी घेणेच टाळत होती, कारण दोनदा घेतली जाईल ही तिला भीती. दोन डब्या आणल्या, एकीवर सूर्य काढला, दुसरीवर चंद्र, आणि रविवारी आठवड्याच्या गोळ्या मोजून भरायच्या असे ठरवले. डबीत गोळी दिसली म्हणजे घ्यायची राहिली, एवढे सोपे. खर्च साठ रुपये. लोक घसरतात कुठे, ते काठावर उभे राहून पाहायचे. ऋणमोचनची रीत ती हीच.

आता मुद्द्यावर येते. या स्नेहमेळाव्यानिमित्त आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवला आहे. ग्रुपवर गेले तीन महिने चर्चा चालू आहे. बहुतेकांचे मत प्रवेशद्वारापाशी कमान बांधून तिच्यावर बॅचचे नाव घालावे असे आहे. काहींना डिजिटल वर्ग हवा, काहींना वाचनालय. मी या तिन्हींच्या विरोधात नाही, आणि कमान सुचवणाऱ्या मित्रांचे शाळेवर माझ्यापेक्षा कमी प्रेम आहे असेही नाही. पण हे सगळे आपण पुणे, नागपूर, हैदराबाद आणि कॅलिफोर्नियातून ठरवतो आहोत. आपल्या वेळी मधल्या सुट्टीत मुली पाणी का पीत नसत, हे वर्गातल्या मुलांना अजून माहीत नसेल. मुलींना सगळ्यांना माहीत आहे. आज ती स्थिती बदलली असेल तर उत्तमच. पण बदलली आहे की नाही, हे ग्रुपवर कळणार नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. निधी खर्च करण्याआधी आपल्यापैकी चार-पाच जणांनी, त्यात निदान दोघी असाव्यात, शाळेचा एक पूर्ण दिवस शाळेत काढावा. भाषण नको, सत्कार नको. मधल्या सुट्टीत नळापाशी उभे राहावे, स्वच्छतागृहाकडे कोण जाते आणि कोण जात नाही ते पाहावे, खेड्यावरून एसटीने येणाऱ्या मुली शाळा सुटल्यावर कुठे थांबतात ते पाहावे. शिपाईकाकांना, सफाई करणाऱ्या मावशींना आणि सातवी-आठवीच्या मुलींना विचारावे की इथे काय अडते. मग ठरवावे. जे ठरेल त्याचा पाच वर्षांचा देखभालीचा खर्च आधीच बाजूला काढावा आणि जबाबदारी कोणाची ते शाळेशी बोलून लेखी करावे. पाहून आल्यावर कमानच हवी असे ठरले तर माझी वर्गणी कमानीला.

गावात राहिलेल्या आणि शेती सांभाळणाऱ्या आपल्या वर्गमित्रांना या कामात पुढे ठेवावे, असे मला वाटते. शाळा त्यांना रोज दिसते. आम्ही बाहेर गेलेले पैसे पाठवू शकतो, पण अडचण नेमकी कुठे आहे ते त्यांच्याइतके आम्हाला दिसत नाही.

तो दिवस मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार ठेवता येईल. मी रजा टाकली आहे. सकाळी साडेदहाला, प्रार्थनेच्या वेळी, शाळेच्या फाटकाशी असेन. ज्यांना जमेल त्यांनी यावे, आणि येताना डोक्यात उत्तर घेऊन येऊ नये.